गायरानावरचा मुक्काम

दिवाळी उरकली, कापसाच्या पहिल्या वेचण्या झाल्या, की आपल्या अंबड तालुक्यात मेंढपाळांचे वाडे दिसू लागतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढ्या, कडेने कुत्री. कधी गायरानात, कधी पडीक माळावर, तर कधी शेतकऱ्याने खतासाठी मेंढ्या बसवायला बोलावले म्हणून त्याच्या रानात मुक्काम पडतो. वाघूर लावली, तीन दगडांची चूल मांडली, घोंगडी अंथरली की घर तयार. चार-आठ दिवसांनी तेच घर पुढच्या गावाच्या शिवारात.

उघड्यावर मुक्काम करणारे तेवढेच नाहीत. ऊसतोडीला जाणारी जोडपी कोपीत हंगाम काढतात. पंढरीच्या दिंड्या वाटेत मिळेल तिथे उतरतात. २०२३ साली आंदोलनाच्या निमित्ताने अंतरवाली सराटीचे नाव देशभर गेले, तेव्हा बाहेरगावच्या अनेकांनी मंडपात आणि शिवारात रात्री काढल्या. हल्ली शहरातील मुले हौसेने तंबू घेऊन माळावर आणि गडावर राहायला जातात. कोणी पोटासाठी जातो, कोणी हौसेसाठी. जमीन, पाणी आणि रात्र मात्र सर्वांना सारखीच. म्हणून आजचा लेख या सर्वांसाठी.

आधी माझी चूक

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पहाटे साडेपाचला दार वाजले. एक मेंढपाळ आजी नऊ-दहा वर्षांच्या नातवाला घेऊन आली होती. पोटात जोराचा मुरडा, एक उलटी. मी पोट तपासले, मऊ लागले. ताप नव्हता. रात्री काय खाल्ले ते विचारले. शिळी भाकरी म्हणाली. अपचन समजून मी एक इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या आणि जायला सांगितले.

सुदैवाने आजी गेली नाही. एसटीला वेळ होता म्हणून ओट्यावर बसून राहिली. अर्ध्या तासाने ती पुन्हा आत आली. म्हणाली, "डाक्टर, लेकरू डोळे उघडीना गेलं."

मुलाच्या पापण्या खाली आल्या होत्या. बोलणे नाकातून येत होते. थुंकी गिळता येत नव्हती. मग मी विचारले, "आजी, रात्री पोरगं झोपलं होतं कुठं?"

"कुठं म्हंजी? गायरानात. भुईवर."

तो मण्यारीचा दंश होता. उजेडात सारे अंग तपासले, तरी दाताची खूण मिळाली नाही. गावातल्या जीपमध्ये घालून मोठ्या रुग्णालयात नेताना वाटेत श्वास मंद होऊ लागला, तेव्हा तोंडावर मास्क धरून हाताने फुगा दाबत राहिलो. तिथे सर्पदंशावरचे औषध आणि चार दिवस यंत्राचा श्वास मिळाला. मुलगा वाचला. आजीची एसटी वेळेवर आली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

काय खाल्ले ते मी विचारले होते. कुठे झोपला होता ते विचारायचे राहिले होते. त्या दिवसापासून पहाटे येणाऱ्या प्रत्येक पोटदुखीला हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारतो.

झोपेतला दंश

मण्यार रात्री हिंडते. तिचा दंश बहुधा दुखत नाही आणि सूजही येत नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, घसा दुखतो. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे ही लक्षणे दिसली, तर साप पाहिला नसला तरी सर्पदंश समजून चालावे.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतेक खेड्यापाड्यांतली होती. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. पण आपल्या बिछान्याची काळजी आपणच घ्यायची असते.

उपाय साधा आहे. बाज असेल तर बाजेवर झोपावे. नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचाव्यात. नेपाळच्या तराईतील सर्पदंशांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंशाचा धोका फार कमी असल्याचे त्यात आढळले. म्हणजे एकच मच्छरदाणी डास आणि साप या दोन्हींपासून वाचवते. तंबू वापरणाऱ्यांनी त्याची चेन रात्रभर बंद ठेवावी. धान्याची पोती उशाशी ठेवू नयेत. धान्याला उंदीर येतो आणि उंदरामागे साप. रात्री उठताना बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये.

दंश झालाच, तर घट्ट दोरी बांधू नका, जखम कापू नका, रक्त चोखू नका. कडुनिंबाचा पाला चावायला देऊन तो कडू लागतो का, हे पाहण्यात वेळ घालवू नका. रुग्णाला चालवू नका. हात किंवा पाय फळीने आधार देऊन स्थिर ठेवा आणि सरळ रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच औषध चालते, त्यामुळे साप मारून आणण्याची गरज नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

विंचवाचा उतारा

माळावरचे दगड, गोवऱ्यांचा ढीग आणि जळणाचे सरपण ही विंचवाची आवडती ठिकाणे. तांबड्या विंचवाचा दंश लहान मुलांना घातक ठरू शकतो. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, धाप लागणे ही धोक्याची लक्षणे होत. इथे नुसते दुखणे थांबवून भागत नाही, कारण विष हृदयावर ताण आणते.

या दंशावरील उपचाराची दिशा जगाला दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्याच जिल्ह्यातील, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. महाडसारख्या लहान गावात राहून त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर कसे उपयोगी पडते ते दाखवले. १९८० च्या दशकात त्यांचे काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज हा उपचार सर्वमान्य आहे. मात्र त्यासाठी रुग्ण मांत्रिकाच्या ओट्यावर न जाता दवाखान्यात यायला हवा. औषध डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यावे.

सकाळी चप्पल, बूट आणि घोंगडी झटकल्याशिवाय वापरू नये. सरपण उचलताना आधी काठीने हलवून पाहावे.

पाणी आणि ओटा

साप-विंचवाची भीती सर्वांना असते, पाण्याची कोणालाच नसते. कालव्याचे किंवा नदीच्या डोहाचे पाणी दिसायला नितळ असले तरी ते निर्धोक नसते. वर कोणी धुणे धुतलेले असते, जनावरे बसलेली असतात. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी फडक्याने गाळून खळखळून उकळावे. जळण कमी असेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर बाटलीवरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. पाणी झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे.

जुलाब लागलेच तर पहिले औषध ओआरएस. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती आणि सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत करून रुग्णांना पाजायला लावले. शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्या आत आले. पाजणारे हात बहुतेक नातेवाइकांचेच होते. छावणीत जमले ते आपल्या चुलीजवळही जमते. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. असे पाणी रोज नवे करावे. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर वाट पाहू नये.

शौचाची जागा पाणवठ्यापासून किमान १०० फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असावी. सहा ते आठ इंचांचा खड्डा घेऊन नंतर माती ओढावी. मुक्काम मोठा असेल तर एकच चर खणून रोज त्यावर माती टाकावी. यात लाजण्यासारखे काही नाही. उघड्या मळावरची माशी दहा मिनिटांत आपल्या भाकरीवर येते. अशा जागी अनवाणी फिरल्याने आकडेकृमीच्या अळ्या पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि अंगातले रक्त कमी होते. म्हणून पायात चप्पल हवी.

थंडी, धूर आणि वीज

दिवसा अंग भाजते आणि पहाटे हुडहुडी भरते, ही माळाची रीत. थंडीमुळे काही जण पेटती शेगडी कोपीत किंवा तंबूत घेऊन दार लावतात. असे कधीही करू नये. बंद जागेत निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेकोटी बाहेर असावी, अंगावर पांघरूण वाढवावे.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजेचे भय. गडगडाट ऐकू आला की एकट्या झाडाखाली उभे राहू नये. पक्के घर किंवा बंद गाडी जवळ असेल तर तिथे जावे. नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसावे आणि माणसांनी एकमेकांपासून अंतर ठेवावे. वीज पडलेल्या माणसाला हात लावल्याने झटका बसत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचा उपचार लगेच सुरू करावा.

मेंढपाळांसाठी आणखी एक सूचना. मेंढी कापल्यावर काळजात किंवा फुप्फुसात पाण्याचे फोड दिसले, तर तो भाग कुत्र्यापुढे न टाकता खोल पुरावा. त्यातून कुत्र्याच्या पोटात जंत होतात आणि कुत्र्याकडून माणसाच्या यकृतात तसेच फोड होतात. कुत्रा चावल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी.

मुक्कामाला निघताना जवळ असावे

१. माणशी मच्छरदाणी आणि एक चांगली बॅटरी
२. ओआरएसच्या पुड्या, क्लोरीनच्या गोळ्या, साबण
३. स्वच्छ कापडी पट्ट्या आणि जंतुनाशक मलम
४. रोजची औषधे आणि मुलांचे लसीकरण कार्ड
५. जवळच्या आरोग्य केंद्राची माहिती आणि गावातील एखाद्या गाडीवाल्याचा फोन नंबर

गावाचे काम

शेवटची गोष्ट गावात राहणाऱ्या वाचकांसाठी. मेंढ्यांचे खत आपल्या रानाला हवे असते, पण मेंढपाळ नळावर हंडा घेऊन आला की आपल्या कपाळाला आठी पडते. वाडा गायरानात उतरला की कोणीतरी जाऊन पिण्याचे पाणी कुठे मिळते ते सांगावे. त्यांच्या मुलांची लस राहिली असेल तर आशाताईंना कळवावे, लस कोणत्याही आरोग्य केंद्रात मिळते. रात्री-बेरात्री कोणाचे दार वाजवायचे, तेही दाखवून ठेवावे.

त्या आजीला माझे दार माहीत होते, कारण आदल्या दिवशी शिवारातल्या कोणीतरी तिला ते दाखवले होते. ते कोण होते, हे मला अजून कळलेले नाही. मुलगा वाचला यात माझ्याइतकाच त्या माणसाचाही वाटा आहे.