गोळी चालू, तरी ‘गोड बातमी’?

“अगं, गोळी चालू आहे माझी. कसं शक्य आहे?”

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा हा प्रश्न. आठवडाभर तिला सकाळी मळमळत होतं, ऑफिसच्या बसमध्ये डोळे मिटत होते, कॅन्टीनमधल्या फोडणीचा वास नको झाला होता. निदान बाईसाहेबांनी स्वतःच करून टाकलं होतं: ॲसिडिटी, नाइट शिफ्ट, बाहेरचं खाणं. टेस्ट पॉझिटिव्ह आली तेव्हा सातवा आठवडा चालू होता. गोळी तर एकही चुकली नव्हती! पण दीड महिन्यापूर्वी दोन दिवस ती उलट्या-जुलाबांनी आडवी होती. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती गोळी पोटात गेलीच नाही असं समजायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आकडे बघा. अगदी काटेकोरपणे घेतली तर वर्षभरात गोळी घेणाऱ्या शंभरजणींपैकी एकीलाही दिवस जाणं कठीण. पण प्रत्यक्षात डेडलाइन, प्रवास, विसरभोळेपणा धरून हा आकडा सातच्या आसपास जातो. कंडोमचंही तसंच, कागदावर दोन आणि खऱ्या आयुष्यात तेरा. तांबी मात्र शंभरात एकीपेक्षा कमी, कारण तिथे आपल्याला रोज काही लक्षातच ठेवावं लागत नाही!

आता खरी गंमत (म्हणजे गंमत कसली, डोकेदुखीच). मळमळ, छाती दुखणं, थकवा, मधेच डाग दिसणं ही गरोदरपणाची पहिली लक्षणं आणि गोळीचे साइड इफेक्ट्सही हेच. नवीन पाकीट सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने असं होऊ शकतं. पण वर्षभर सुखाने गोळी घेतल्यावर अचानक छाती जड वाटायला लागली, वारंवार लघवीला जावंसं वाटलं, आवडती कॉफी समोर नको झाली, तर ‘गोळीमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

पाळीवरही डोळे झाकून विसंबू नका. माला-डीसारख्या पाकिटात शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात. त्या दिवसांत येते ती खरी पाळी नसते, हार्मोन्स थांबल्यामुळे होणारा रक्तस्राव असतो. तो कधी कधी येतच नाही, आणि उलट दिवस गेलेले असतानाही थोडं रक्त दिसू शकतं. ‘थोडं दिसलं ना, सुटलो’ हे आपलं लाडकं गणित इथे चुकतं. ‘सहेली’ घेणाऱ्यांची तर आणखी पंचाईत. लखनौच्या प्रयोगशाळेत तयार झालेली ही बिनहार्मोनची गोळी मुळातच पाळी लांबवू शकते. इमर्जन्सी गोळीनंतरही तारीख मागेपुढे होते, पण आठवड्याहून जास्त उशीर झाला तर टेस्ट कराच.

आणि ते अँटिबायोटिक्सचं? बहुतेकांचा गोळीवर परिणाम होत नाही. मोठा अपवाद म्हणजे टीबीवरचं रिफॅम्पिसिन. फिट्सवरची काही औषधंही गोळीचा असर कमी करतात. ही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना दुसरा उपाय विचारा.

शंकेवर औषध एकच, केमिस्टकडचं किट. गोळीतल्या हार्मोन्समुळे टेस्ट चुकत नाही, कारण ती एचसीजी हे वेगळंच हार्मोन शोधते. सकाळची पहिली लघवी घ्या. तारखांचा पत्ताच नसेल तर शेवटच्या संबंधानंतर एकवीस दिवसांनी करा. निगेटिव्ह आली पण लक्षणं तशीच राहिली, तर आठवड्याने पुन्हा. केमिस्टकडे गर्दी असते, लाज वाटते, मान्य. पण र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली! शंभर वर्षांनंतरही आपण काउंटरवर कुजबुजतच बोलायचं का?

तांबी असताना टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी गर्भ गर्भनलिकेत रुजलेला असण्याची शक्यता जास्त असते. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्यात दुखणं, चक्कर असेल तर थेट हॉस्पिटल.

माझ्या मैत्रिणीला सगळ्यात जास्त भीती वेगळीच होती: इतके दिवस गोळ्या घेतल्या, बाळाला काही झालं असेल का? कळण्याआधी चुकून घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी बाळाला अपाय होत असल्याचं दिसलेलं नाही. कळलं की बंद करायच्या, एवढंच.

आणि मूल नकोच असेल तर? साधन निकामी ठरणं हे गर्भपाताचं कायदेशीर कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ‘विवाहित स्त्री आणि तिचा नवरा’ याऐवजी ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ असे शब्द आले. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. तुम्ही सज्ञान असाल तर संमती फक्त तुमची लागते, नवऱ्याची नाही आणि आईबाबांचीही नाही. मात्र केमिस्टकडून परस्पर गोळ्या आणून घरी प्रयोग नकोत. आधी सोनोग्राफी करून गर्भ कुठे आहे ते बघू द्या, मग डॉक्टर सांगतील तसं.