पोस्टमॉर्टेमची फाईल बंद होते, पॅटर्न उघडाच राहतो

प्रवासात रेंज गेली म्हणून ज्यांचा एपिसोड अर्धाच राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा भाग लिहून काढलाय. एक सूचना आधीच देतो. आज अपघात, आत्महत्या, जळीत असे विषय येणार आहेत. आज हे नको वाटत असेल, तर दुसरा एखादा भाग ऐका. काहीच बिघडत नाही.

तर विषय आहे पोस्टमॉर्टेम, म्हणजे शवविच्छेदन. मी डॉक्टर नाही, दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणारा इंजिनिअर आहे. पण हा विषय वाचायला घेतला तेव्हा वाटलं, अरे, हेही लॉग वाचणंच आहे की!

सिरीयल बघून आपल्या डोक्यात एक चित्र बसलंय: खून झालाय, डॉक्टर मृतदेहावर वाकलेत, इन्स्पेक्टर विचारतोय "काही सापडलं का?" प्रत्यक्षात सरकारी हॉस्पिटलच्या शवागारात येणाऱ्या केसेसमध्ये खुनाचा वाटा लहान असतो. 2022 चे देशाचे आकडे बघा. खुनाचे गुन्हे 28,522. रस्ते अपघातातले मृत्यू 1,68,491. आत्महत्या 1,70,924. म्हणजे एका खुनामागे साधारण सहा माणसं रस्त्यावर जातात आणि सहा स्वतःचा जीव घेतात. शिवाय बुडणं, भाजणं, सर्पदंश, विजेचा शॉक, उंचावरून पडणं, हे सगळं वेगळंच.

पीएम कधी होतं?

मृत्यू अनैसर्गिक किंवा संशयास्पद असला की हॉस्पिटल पोलिसांना कळवतं. यालाच एमएलसी म्हणतात, मेडिको-लीगल केस. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचांसमोर मृतदेहाचा पंचनामा करतात आणि मग मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवतात. आधी हे सीआरपीसीच्या कलम 174 खाली व्हायचं. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा, बीएनएसएस, कलम 194.

डॉक्टर बाहेरच्या जखमा नोंदवतात, मग आतले अवयव तपासतात. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा राखून ठेवतात. व्हिसेरा म्हणजे जठर, यकृत, मूत्रपिंड वगैरे अवयवांचे नमुने. ते बहुतेकदा कशात ठेवतात माहितीये? आपल्या साध्या मिठाच्या दाट द्रावणात. पेपरात "व्हिसेरा राखून ठेवला" असं वाचता ना, ते हेच. नमुने फॉरेन्सिक लॅबला जातात आणि रिपोर्ट यायला वेळ लागतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा. मृत्यूचं कारण वेगळं आणि मृत्यू कसा ओढवला हे वेगळं. "डोक्याला गंभीर मार" हे कारण झालं. पण तो माणूस गाडीवरून पडला, गच्चीवरून घसरला की कुणी ढकलला? हे एकट्या शरीरावरून नेहमीच कळत नाही. त्यासाठी पंचनामा, साक्षीदार, घटनास्थळ असं सगळं जुळवावं लागतं.

एक केस आणि हजार केसेस

कंपनीत एखादी एरर आली की आम्ही ती सोडवतो आणि तिकीट बंद करतो. पण तीच एरर रोज रात्री दोन वाजता येत असेल, तर नुसती तिकिटं बंद करून भागत नाही. सगळे लॉग एकत्र मांडून बघावे लागतात. मृत्यूंचंही तसंच आहे. प्रत्येक पीएम हे त्या एका माणसाला, त्याच्या घरच्यांना उत्तर देण्यासाठी असतं. पण हजार पीएम शेजारी शेजारी ठेवली, की जिवंत माणसांना कसं वाचवायचं ते दिसायला लागतं.

उदाहरण एक: रस्ता. 2022 मध्ये अपघातात गेलेल्यांपैकी 44.5 टक्के दुचाकीवर होते. 66.5 टक्के लोक 18 ते 45 वयाचे. म्हणजे तुम्ही आणि मी. हेल्मेट न घालता गेलेले 50,029, आणि त्यातले 14,337 मागे बसलेले! "मी काय, मागेच बसलोय" म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा.

आता उपाय बघा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर 2016 मध्ये दीडशेच्या आसपास मृत्यू झाले. मग एकेका अपघाताचा अभ्यास झाला. कडेला उभ्या ट्रकवर मागून आदळणं, कठड्याशिवाय उघडे असलेले खांब, अशी कारणं पुन्हा पुन्हा दिसली. त्यावर काम झालं आणि 2020 पर्यंत मृत्यू निम्म्याहून खाली आले. ड्रायव्हरला नुसत्या शिव्या घालून हे झालं नसतं.

उदाहरण दोन: कीटकनाशक. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. एकाच्या बाबतीत "त्याने काळजी घेतली नाही" म्हणता येतं. इतक्यांच्या बाबतीत मात्र औषध, फवारणी पंप, मास्क, विक्री, सगळ्यांनाच प्रश्न विचारावा लागतो.

विष घेऊन होणाऱ्या आत्महत्यांबाबत श्रीलंकेचा अनुभव तर डोळे उघडणारा आहे. तिथे 1995 पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. पुढच्या 20 वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास 70 टक्क्यांनी घटलं. कारण अनेकदा तो टोकाचा क्षण थोडा वेळच टिकतो. त्या क्षणी हाताशी जीवघेणं काही नसलं, तर माणूस वाचतो. आणि वाचलेले बहुतेक लोक पुढे जगतात.

नोंदच चुकली तर?

उदाहरण तीन, आणि हे सगळ्यात अस्वस्थ करणारं: भाजलेल्या बायका. "स्टोव्हचा भडका उडाला" हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! 2009 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की 2001 या एका वर्षात भारतात 1,63,000 हून जास्त लोक जळून मेले. त्यातल्या साधारण 1,06,000 स्त्रिया, बहुतेक 15 ते 34 वयाच्या. पोलिसांच्या आकड्याच्या हे सुमारे सहा पट होतं.

स्वयंपाकघरातला भडका काय बाईचं वय बघून उडतो का? लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला तर कायदा जास्त कडक चौकशी मागतो, ते याचसाठी. पण मृत्यूपूर्व जबाब देताना सासरचे दाराशी उभे असतील, पोरं त्यांच्याच ताब्यात असतील, तर ती काय बोलणार? मग रकान्यात "अपघात" लिहिलं जातं. आणि डेटाच चुकीचा भरला, तर पुढचा उपायही चुकतो. सुरक्षित स्टोव्हची मोहीम निघते, घरातल्या हिंसेची निघत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: अनैसर्गिक मृत्यूला "नशीब" म्हणून सोडून देऊ नका. घरात अशी वेळ आलीच, तर पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचा, माहीत आहे ते खरं सांगा. "कशाला चिरफाड" ही भावना समजते, पण विम्यापासून न्यायापर्यंत बरंच काही त्या कागदावर अवलंबून असतं.

आणि हो, कुणाला आतून फार जड वाटत असेल, तर टेलि-मानसचा नंबर 14416. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. अपघात दिसला तर 108.

हा भाग ग्रुपवर टाका, विशेषतः मागे बसून हेल्मेट न घालणाऱ्या त्या एका मित्राला. भेटू पुढच्या आठवड्यात!