तबकडीच्या पाठीवरची नावं

फोनमध्ये आज जगभरातली गाणी आहेत, तरी बहुतेकांचं ऐकणं ठरावीक गाण्यांभोवतीच फिरतं. ॲप नवं काही सुचवतं, पण ते आधी ऐकलेल्यासारखंच असतं. ‘ऐकायलाच हवेत असे हजार अल्बम’ छापाच्या याद्या आहेत, पण त्यांतले बहुसंख्य अल्बम इंग्लंड-अमेरिकेतले असतात आणि दहाव्या नावापाशी उत्साह संपतो.

याहून सोपी वाट आहे. एक आवडता अल्बम घ्यायचा, त्यावर छापलेली नावं वाचायची आणि त्यांतल्या एका नावाचा माग काढत पुढच्या अल्बमकडे जायचं. यासाठी संगीताचं शिक्षण लागत नाही. ही वाट आपण एका खऱ्या साखळीवरून पायरीपायरीने पाहू.

पायरी १ : अल्बम म्हणजे काय, हे समजून घ्या

जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेत आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने लाँग प्ले, म्हणजेच एलपी तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागलं.

त्यामुळे कलाकार चाळीसेक मिनिटांचा सलग विचार करू लागले. कोणती रचना आधी, कोणती नंतर, पहिली बाजू कुठे संपवायची, हे सगळं ठरवून केलेलं असतं. ठरलेल्या क्रमाने मांडलेला असा संच म्हणजे अल्बम. मधलं एकच गाणं उचललं, तर ही मांडणी हाती लागत नाही.

पायरी २ : सुरुवात ओळखीच्या सुरांपासून करा

पहिल्याच दिवशी अगदी अनोळखी संगीत लावलं, तर कानाला धरायला काही मिळत नाही. म्हणून पहिला अल्बम परिचित वाद्यांचा निवडा. आपण ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घेऊ. १९६७ चा हा अल्बम एचएमव्हीचा असून निर्माते होते जी. एन. जोशी. मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक म्हणूनही ते आपल्याला ठाऊक आहेत.

संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस अशी कल्पना आहे आणि राग त्या दिवसाच्या क्रमाने येतात : सकाळी अहिर भैरव, पुढे पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. मांडणीचा अर्थ काय, हे इथे पहिल्याच ऐकण्यात कळतं.

पायरी ३ : लावण्यापूर्वी चार गोष्टी तपासा

बहुतेक घोटाळे इथेच होतात.

पहिली गोष्ट शफल, म्हणजे गाण्यांचा क्रम आपोआप बदलण्याची सोय. ती बंद करा. पहाडी आधी आणि अहिर भैरव शेवटी वाजला, तर मेंढपाळाचा दिवस उलटासुलटा होतो.

दुसरी ऑटोप्ले. अल्बम संपताच ॲप दुसरंच काही सुरू करतं आणि शेवटच्या सुराचा ठसा पुसला जातो. हीसुद्धा बंद ठेवा.

तिसरी आवृत्ती. जुने अल्बम पुन्हा प्रसिद्ध होताना मूळ क्रमाच्या शेवटी जादा रचना जोडल्या जातात. मूळ अल्बम किती रचनांचा होता ते पाहून तिथेच थांबा. जादा रचना दुसऱ्या दिवशी ऐका.

चौथी साल. ॲपवर दिसणारं वर्ष पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचं असतं. १९६७ चा अल्बम १९९५ चा समजून बसलात, तर त्या काळाविषयीचे आडाखे चुकतात.

पायरी ४ : एकच अल्बम तीनदा ऐका

पहिल्यांदा मध्ये न थांबता ऐका. फोनच्या स्पीकरऐवजी हेडफोन किंवा बरा स्पीकर वापरा, कारण लहान स्पीकरवर खर्जाचे सूर जवळपास नाहीसे होतात. आवडलं की नाही, हे लगेच ठरवू नका.

दुसऱ्यांदा एकाच वाद्याचा पाठलाग करा. ‘कॉल ऑफ द व्हॅली’त फक्त गिटार ऐका. ती कधी पुढे येते, कधी बासरीला वाट देते, याकडे लक्ष ठेवा.

तिसऱ्यांदा दोन-चार दिवसांनी ऐका. मधल्या काळात कानाने काय धरून ठेवलं, ते तेव्हा समजतं. नवं संगीत एकदा ऐकून बाजूला टाकणं ही फार मोठी चूक. परक्या लयीची सवय व्हायला वेळ लागतो.

पायरी ५ : मलपृष्ठ वाचा आणि एक नाव निवडा

अल्बमच्या मागच्या बाजूला वादक, निर्माता, ध्वनिमुद्रक, स्टुडिओ आणि कंपनी यांची नावं असतात. तिला श्रेयनामावली म्हणतात. ॲपवर ती अनेकदा अर्धवट असते. मग डिस्कॉग्ससारख्या संकेतस्थळावर तबकडीच्या मागच्या बाजूचं छायाचित्र पाहता येतं.

सगळ्या नावांच्या मागे एकदम लागू नका. आपण काबरांचं नाव घेऊ. त्यांची गिटार हवाईयन पद्धतीची होती, म्हणजे तारांवर धातूचा दांडा सरकवून वाजवायची. त्यामुळे तिच्यावर मींड काढता येते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाता येतं. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर जन्मलेलं हे वादन हिंदुस्थानात आलं, चित्रपटगीतांत रुळलं आणि काबरांनी ते रागसंगीतात आणलं. ते सरोदवादक अली अकबर खाँ यांचे शिष्य.

पायरी ६ : त्याच वाद्याचा हात धरून देशाबाहेर जा

सरकत्या गिटारवर राग वाजवणारं पुढचं मोठं नाव विश्वमोहन भट्ट. ते रविशंकर यांचे शिष्य. रविशंकर आणि अली अकबर दोघेही मैहरच्या अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिकले, म्हणजे काबरा आणि भट्ट एकाच घराण्याचे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’तले चौरसियाही अन्नपूर्णादेवींकडून त्याच घराण्याची तालीम घेतलेले. नावांचा माग काढला की अशी नाती आपोआप उलगडतात.

भट्टांनी गिटारला चिकारीच्या, म्हणजे लयीसाठी छेडायच्या, आणि तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारा जोडून मोहनवीणा तयार केली. १९९३ चा त्यांचा अल्बम ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासोबतचा आहे. कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये त्याचं ध्वनिमुद्रण झालं. दोघांनी त्याआधी कधी एकत्र वाजवलं नव्हतं. तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी आणि मध्यपूर्वेतल्या दुंबेक या तालवाद्यावर कूडर यांचा किशोरवयीन मुलगा योआकिम. रचना फक्त चार आहेत. या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

ऐकताना दोन्ही गिटार वेगळ्या ओळखायचा प्रयत्न करा. मोहनवीणेच्या सुरामागे तरफांची आस रेंगाळते आणि कूडरची गिटार ब्लूजच्या वळणाने बोलते. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांची दुःखाला वाट करून देणारी गायकी.

पायरी ७ : परक्या संगीताला त्याच्या नियमांनी ऐका

आता कूडर यांचं नाव धरा. १९९४ मध्ये त्यांनी आफ्रिकेतल्या माली देशाचे अली फार्का तुरे यांच्यासोबत ‘टॉकिंग टिम्बक्टू’ हा अल्बम केला. तुरे नायजर नदीकाठच्या नियाफुंके गावचे. ब्लूजची मुळं आपल्या भागात आहेत, असं ते ठामपणे सांगत. अल्बम ऐकताना ते म्हणणं कानाला पटतं.

तुरे यांच्या नावावरून पुढे ‘इन द हार्ट ऑफ द मून’ या २००५ च्या अल्बमकडे जा. यात त्यांच्यासोबत तुमानी जाबाते कोरा वाजवतात. कोरा म्हणजे चामडं ताणलेल्या अर्ध्या भोपळ्याचं एकवीस तारांचं वाद्य. वादक अंगठ्यांनी खालची चाल धरतो आणि तर्जन्यांनी वरची सुरावट काढतो. एकच माणूस वाजवतोय, यावर आधी विश्वास बसत नाही.

इथे आपली नेहमीची चूक होते. विलंबितपासून द्रुतपर्यंत चढत जाणाऱ्या मैफलीची सवय असलेला कान वाट पाहत राहतो आणि ‘तेच तेच चाललंय’ म्हणून उठतो. कोरावादनात कुंबेंगो नावाची आवर्ती चाल सतत फिरत असते आणि तिच्यावर बिरिमिंतिंगो, म्हणजे वेगवान सुटी नक्षी, उमटत जाते. चाल बदलण्याची वाट पाहू नका. ती मनात पक्की करा आणि वरची नक्षी दर फेरीत कशी वेगळी येते, तिकडे कान द्या.

पायरी ८ : नाव संपलं तर कंपनी धरा

‘टॉकिंग टिम्बक्टू’ प्रसिद्ध करणारी लंडनची कंपनी वर्ल्ड सर्किट. १९९६ च्या मार्चमध्ये कंपनीचे निक गोल्ड आणि राय कूडर क्यूबाच्या हवाना शहरात पोहोचले. मालीचे वादक आणि क्यूबाचे वादक एकत्र आणायचा बेत होता. मालीचे वादक येऊ शकले नाहीत. मग हवानातल्या जुन्या कलावंतांना गोळा करून ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ हा अल्बम झाला आणि १९९७ मध्ये जगभर गाजला. त्यातले काँपाय सेगुंदो ध्वनिमुद्रणाच्या वेळी ८८ वर्षांचे होते. मूळ बेत पुढे तडीला गेला तो २०१० च्या ‘आफ्रोक्यूबिझम’ या अल्बममध्ये.

क्यूबन संगीताला धरायचं कसं? क्लावे शोधा. क्लावे म्हणजे लाकडी दांड्यांच्या जोडीवर वाजणारा पाच ठोक्यांचा आकृतिबंध, तीन आणि दोन असा विभागलेला. सोन या क्यूबन गीतप्रकाराचा तो कणा. टाळीने तो धरता आला की बाकी वाद्यं आपापल्या जागी बसलेली जाणवतात.

चांगल्या छोट्या कंपनीला स्वतःची आवड असते. एक अल्बम भावला, तर तिचे आणखी दोन ऐका. लोकसंगीतासाठी फोकवेज ही अमेरिकन कंपनी लक्षात ठेवा. मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये ती काढली आणि १९८७ पासून तिचा संग्रह स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. तिच्या अल्बमांसोबतच्या माहितीपुस्तिका संकेतस्थळावर मोफत मिळतात.

पायरी ९ : आता काळात मागे चला

कूडर कोणाचं ऐकून शिकले, हे विचारलं की उत्तरात ब्लाइंड विली जॉन्सन हे नाव येतं. टेक्सासचे हे अंध गायक. १९२७ मध्ये त्यांनी सरकत्या गिटारवर शब्दांविना नुसत्या हुंकाराने गायलेलं एक ध्वनिमुद्रण केलं. १९८४ च्या ‘पॅरिस, टेक्सास’ या चित्रपटाचं कूडर यांनी केलेलं संगीत त्यावरच बेतलेलं आहे.

हेच ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉएजर यानांसोबत अंतराळात गेलं. त्या सोनेरी तबकडीवर जगभरातल्या २७ रचना आहेत आणि त्यांत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई आणि टेक्सासचे जॉन्सन एकाच तबकडीवर आहेत.

या काळासाठी नियम बदलतो. १९४८ नंतरचं संगीत ऐकताना संकलन टाळून मूळ अल्बम घ्यावा. त्याआधीच्या कलाकारांसाठी मात्र संकलनच घ्यावं लागतं, कारण त्यांचं काम सुट्या तबकड्यांवर विखुरलेलं आहे. संकलन निवडताना प्रत्येक रचनेचं साल आणि साथीदार दिलेले आहेत ना, ते पाहा.

जुन्या ध्वनिमुद्रणातल्या खरखरीने बिचकू नका. काही मिनिटांत कान ती बाजूला सारतो. रागाचं रूप तीन-साडेतीन मिनिटांत उभं करण्यात त्या गायकांचं केवढं कसब होतं, हे तेव्हा जाणवतं.

पायरी १० : वही ठेवा

अल्बमचं नाव, मूळ साल, गाव, वादक, कंपनी आणि ‘पुढचं नाव’ असे सहा रकाने आखा. आठवड्याला एक अल्बम पुरे. शोधताना रोमन लिपीत अल्बम आणि कलाकार दोन्हींची नावं लिहा. नुसतं रागाचं नाव टाकलं, तर शेकडो ध्वनिमुद्रणं समोर येतात.

साखळी तुटली तर मागच्या अल्बमवरचं दुसरं नाव घ्या. एखादा अल्बम तीनदा ऐकूनही भिडला नाही, तर तशी नोंद करा आणि सोडून द्या. वर्षभराने पुन्हा लावून पाहा, मत बदललेलं असू शकतं.

आपण संतूर-बासरीपासून निघालो आणि हवाई, कॅलिफोर्निया, माली, हवाना करत टेक्सास आणि केरीला पोहोचलो. प्रत्येक वळणावर हाताशी एक खरं नाव होतं, म्हणून कुठेही परकं वाटलं नाही. आपली साखळी वेगळी असेल आणि ती तशीच असावी. नाट्यसंगीत, लावणी, कव्वाली, काहीही ओळखीचं घ्या, शफल बंद करा, अल्बम शेवटपर्यंत ऐका आणि साथीदारांतलं एक नाव आजच वहीत लिहा.