सातबारा, फेरफार आणि एडगर कॉड

गावात एकाच शेतकऱ्याची जमीन बऱ्याचदा चार-पाच गटांत विखुरलेली असते. ओढ्याकाठी एक तुकडा, माळावर दुसरा, तिसरा भावकीत सामाईक. आता दोन प्रश्न घ्या. गट क्रमांक २१४ कोणाच्या नावावर आहे? आणि या शेतकऱ्याच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे? दोन्ही उत्तरे एकाच माहितीत दडलेली आहेत. पण दप्तर गटांच्या क्रमाने लावलेले असेल, तर पहिले उत्तर पान उघडताच मिळते आणि दुसऱ्यासाठी सगळे दप्तर चाळावे लागते. महसूल खात्याने यासाठी वेगळी वही ठेवली. ती म्हणजे गाव नमुना आठ-अ, खातेदारांच्या क्रमाने लावलेली. प्रश्न सुटला, पण आता एकच गोष्ट दोन वह्यांत लिहिली गेली. जमीन विकली की दोन्हीकडे दुरुस्ती करणे आले. एकीकडे झाली आणि दुसरीकडे राहून गेली, तर खरे कोणते मानायचे?

संगणकशास्त्रात डेटाबेस नावाची जी विद्या उभी राहिली, तिच्या मुळाशी हाच पेच आहे. डेटाबेस म्हणजे माहितीचा साठा, एवढीच ओळख बहुतेकांना असते आणि ती मला फार अपुरी वाटते. माहिती लिहून ठेवताना कोणाच्या मनातही नव्हता असा प्रश्न पुढे कधीतरी विचारता यावा, आणि कुठल्याही बाजूने विचारला तरी उत्तर एकच यावे, ही डेटाबेसची खरी कामगिरी आहे.

साठच्या दशकात हे साधलेले नव्हते. चंद्रावर माणूस पाठवण्याच्या अपोलो मोहिमेत सॅटर्न-५ या अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांच्या याद्या सांभाळायच्या होत्या. त्यासाठी आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांच्या साथीने आयएमएस ही प्रणाली तयार केली आणि ती १९६८ मध्ये सुरू झाली. तिची रचना वंशावळीसारखी होती. मोठ्या भागाखाली त्याचे उपभाग, उपभागाखाली त्याचे तुकडे. वरून खाली येणारे प्रश्न पटकन सुटत. मात्र ‘हा एक बोल्ट कुठे कुठे वापरला आहे?’ असा उलटा प्रश्न आला की आडवळणाने जावे लागे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाखमन यांनी त्याआधीच आयडीएस ही प्रणाली बांधली होती. तीत एका नोंदीवरून दुसरीकडे जाणाऱ्या वाटा आखलेल्या असत आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्या पाठ असाव्या लागत. बाखमन यांना १९७३ मध्ये संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रामरला नाविकाची उपमा दिली. ती त्यांनी कौतुकाने दिली होती. पण त्यातच अडचणही होती. माहितीची मांडणी जरा बदलली की वाटा बदलत, आणि जुने प्रोग्राम निकामी होत.

या वाटाच काढून टाकाव्यात, असे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडले. कॉड इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातले. ऑक्सफर्डला गणित शिकले, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैमानिक होते, आणि पुढे आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाले. त्यांचा शोधनिबंध अवघा अकरा पानांचा आहे. सगळी माहिती साध्या तक्त्यांत, म्हणजे टेबलांत ठेवा. एका टेबलातून दुसऱ्यात जाण्याची वाट आधी आखू नका. दोन ठिकाणी एकच क्रमांक असेल, तर तोच त्यांचा दुवा. माहिती यंत्रात प्रत्यक्ष कुठे आणि कशी ठेवली आहे, हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरजच पडू नये. या सगळ्याला कॉड यांनी संचांच्या गणिताचा पाया दिला, आणि म्हणून ही कल्पना टिकली.

आपल्या गावाची टेबले करून पाहू. पहिले टेबल गटांचे: गट क्रमांक आणि एकूण क्षेत्र. दुसरे खातेदारांचे: क्रमांक, नाव, पत्ता. इथे खातेदाराला क्रमांक का द्यायचा, हे समजून घेण्यासारखे आहे. माणूस एका कागदावर ‘सखाराम बाबू’ असतो, दुसऱ्यावर ‘सखाराम बाबूराव’, आणि तिसऱ्यावर आडनाव आधी येते. वाचणाऱ्याला तो एकच माणूस वाटतो, संगणकाला ही तीन माणसे वाटतात. शिवाय एका गावात एकाच नावाचे दोघे असू शकतात. म्हणून प्रत्येकाला असा एक क्रमांक, जो दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. याला ‘प्रायमरी की’ म्हणतात. नाव फक्त या टेबलात, एकदाच लिहायचे. इतर सगळीकडे क्रमांक.

आता कोणाची जमीन कुठे, हे कुठे लिहायचे? गटाच्या ओळीत खातेदार लिहावा, तर एका गटात तीन भाऊ निघतात. खातेदाराच्या ओळीत गट लिहावा, तर त्याचे पाच गट निघतात. नवशिक्याची गाडी हमखास इथे अडते. तो ‘गट १’, ‘गट २’, ‘गट ३’ असे रकाने वाढवत बसतो. खरा उपाय म्हणजे तिसरे टेबल. त्याला ‘धारणा’ म्हणू. त्यात प्रत्येक ओळ एकच गोष्ट सांगते:

गट २१४, खातेदार ११८, क्षेत्र ०.४० हेक्टर
गट २१४, खातेदार १३१, क्षेत्र ०.४० हेक्टर
गट ३०७, खातेदार ११८, क्षेत्र ०.२५ हेक्टर

गट २१४ च्या ओळी निवडल्या की तिथले दोन्ही खातेदार मिळतात. खातेदार ११८ च्या ओळी निवडून क्षेत्राची बेरीज केली की त्याची एकूण जमीन मिळते, ६५ आर. सुरुवातीचे दोन्ही प्रश्न एकाच टेबलातून सुटले. आठ-अ साठी वेगळी नोंद ठेवायचे कारणच उरले नाही. मागाल तेव्हा तो त्याच ओळींतून तयार होतो, त्यामुळे तो मूळ नोंदीशी विसंगत असूच शकत नाही.

पिकांचे टेबल मात्र निराळे ठेवायचे. मालकी पिढ्यानपिढ्या तशीच राहते, पीक हंगामागणिक बदलते. दोन्ही एकाच ओळीत कोंबले, तर दर खरिपाला आणि दर रब्बीला मालकाचे नाव पुन्हा लिहावे लागेल, आणि जितक्यांदा लिहाल तितक्यांदा चुकण्याची शक्यता. ज्यांनी गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही मुळात वेगळे नमुने म्हणून आखले, त्यांना हे संगणकाच्या कितीतरी आधी उमगले होते. आपण हातात घेतो तो सातबारा या दोहोंचा गट क्रमांकावर जुळवलेला उतारा आहे. डेटाबेसच्या भाषेत या जुळवणीला ‘जॉइन’ म्हणतात.

प्रश्न विचारण्याची भाषा १९७४ मध्ये आली. आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती घडवली. बॉइस त्याच वर्षी, ऐन तारुण्यात, वारले. आज ही भाषा एसक्यूएल म्हणून जगभर चालते. आपला प्रश्न तीत साधारण असा दिसेल:

सिलेक्ट सम(क्षेत्र) फ्रॉम धारणा व्हेअर खातेदार = ११८;

इथे ‘पहिल्या ओळीपासून सुरू कर, एकेक तपास, जुळली तर बेरजेत धर’ असे काहीही सांगितलेले नाही. काय हवे एवढेच सांगितले आहे. कसे शोधायचे ते डेटाबेस ठरवतो. कॉड यांनी वाटा पुसल्या त्या यासाठीच. आयबीएमला आपल्या चालत्या आयएमएसमुळे या नव्या पद्धतीची घाई नव्हती. लॅरी एलिसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ती संधी साधली आणि ऑरॅकल हा डेटाबेस १९७९ मध्ये बाजारात आणला. कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला १९८१ मध्ये.

डेटाबेस शोधतो तरी इतक्या झटपट कसा? इंडेक्समुळे. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट या दोघांनी बोइंगच्या प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास बी-ट्री ही रचना काढली, ती आजही बहुतेक डेटाबेसांत आहे. वरच्या एका पानावर शंभर दिशादर्शक नोंदी, प्रत्येक नोंद खालच्या एका पानाकडे नेते, तिथे पुन्हा शंभर. शंभराचा चौथा घात दहा कोटी होतो. म्हणजे दहा कोटी नोंदींतली हवी ती नोंद केवळ चार पाने उलटून सापडते. नवी नोंद आली आणि पान भरले, तर पानाचे दोन भाग होतात आणि रचना समतोल राहते. हा हिशेब मला आजही विलक्षण सुंदर वाटतो.

पण शोधण्यापेक्षा बदलणे अवघड. जमिनीचे खरेदीखत झाले म्हणून तलाठी लगेच सातबाऱ्यावर नाव चढवत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरली जाते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच सातबाऱ्याला अंमल दिला जातो. जुन्या नावाला कंस होतो आणि नव्या नावाजवळ फेरफार क्रमांक येतो. नोंद प्रमाणित झाली नाही, तर सातबारा होता तसाच राहतो.

डेटाबेस प्रत्येक व्यवहार याच शिस्तीने करतो, फक्त सेकंदाच्या अंशात. मूळ टेबलांना हात लावण्यापूर्वी तो आपल्या नोंदवहीत, ‘लॉग’मध्ये, काय बदलणार ते लिहितो. सगळे लिहून झाले की ‘कमिट’ अशी खूण करतो. मध्येच वीज गेली तर? पुन्हा सुरू होताना तो आधी लॉग वाचतो. कमिटची खूण असलेले व्यवहार पूर्ण करतो, खूण नसलेले मागे घेतो. एका खात्यातून पाच हजार वजा झाले आणि दुसऱ्यात जमा व्हायचे राहिले, अशी अर्धवट अवस्था त्यामुळे कायम राहत नाही. हे शास्त्र पक्के करणाऱ्यांत जिम ग्रे यांचे नाव फार मोठे आहे. त्यांना १९९८ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जानेवारी २००७ मध्ये आईची रक्षा समुद्रात सोडण्यासाठी ते सॅन फ्रान्सिस्कोजवळ एकटेच शिडाची होडी घेऊन गेले आणि परतले नाहीत. हजारो स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकावर उपग्रहचित्रांचे तुकडे न्याहाळून त्यांची होडी शोधली. ती सापडली नाही.

एकाच वेळी अनेक जण बदल करू लागले की गुंता आणखी वाढतो. गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या गाडीचे आरक्षण सकाळी आठला उघडते आणि एका बर्थवर असंख्य जण तुटून पडतात. ‘बर्थ रिकामा आहे का’ हे पाहणे आणि ‘तो याला दिला’ हे लिहिणे, या दोन कृतींच्या मध्ये दुसरा कोणी घुसला, तर एक बर्थ दोघांना जाईल. म्हणून डेटाबेस पहिल्याचे काम होईपर्यंत त्या ओळीला कुलूप लावतो. बाकीचे क्षणभर थांबतात, आणि कुलूप निघाल्यावर त्यांना बर्थ भरलेला दिसतो.

मग ‘पैसे कापले गेले, पण तिकीट आले नाही’ असे का होते? कारण तिथे डेटाबेस दोन आहेत, एक बँकेचा आणि एक रेल्वेचा. दोन्ही आपापल्या घरात चोख असतात. पण दोघांत जाणारा निरोप वाटेत अडकला, तर बँकेचा व्यवहार पुरा होतो आणि रेल्वेचा होत नाही. मग दोन्हीकडचे हिशेब ताडून पैसे परत येतात, आणि त्याला वेळ लागतो. वेगवेगळ्या यंत्रणांचे एकमत घडवून आणणे हा आजही संगणकशास्त्रातला खडतर प्रश्न आहे.

एक गोष्ट डेटाबेस करू शकत नाही, आणि ती ठासून सांगायला हवी. तो माहितीचा आकार तपासतो, खरेपणा नाही. खातेदारांच्या टेबलात नसलेला क्रमांक धारणेत घातलात तर तो अडवेल, कारण दुवा जुळत नाही. क्षेत्र उणे लिहायला बंदी घालता येते. पण ०.४० च्या जागी ०.०४ टंकले, तर त्याच्या लेखी सगळे ठीकच आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना अशा चुका राहिल्या, म्हणून महाराष्ट्रात चावडी वाचन घ्यावे लागले. उतारे गावात वाचून दाखवले गेले आणि ज्यांच्या जमिनी आहेत त्यांनी चुका सांगितल्या. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे, आणि त्यासाठी माणसाला अर्ज करावा लागतो. एका शून्याची जागा चुकली, तर एखाद्याचे कर्जप्रकरण अडते. टेबल भरणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

शिकायला सुरुवात करायची असेल, तर त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस लिहिला आणि त्यावरचा हक्क सोडून तो सर्वांसाठी खुला केला. आपल्या फोनमध्ये तो आहेच, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेशही त्यातच साठतात. तो संगणकावर उतरवून घ्या आणि वरची टेबले करा: गट, खातेदार, धारणा, पिके. दहा-दहा ओळी भरल्या तरी पुरेत. बेरजा आणि याद्या जमू लागल्या की हा प्रश्न विचारून पाहा: यंदाच्या खरिपात ज्यांवर एकही पीक नोंदलेले नाही, असे गट कोणते? पिकांच्या टेबलात जे नाही तेच इथे शोधायचे आहे, त्यामुळे साध्या जॉइनने हे गट हाती लागत नाहीत. गटांच्या सगळ्या ओळी धरून ठेवायच्या, समोर यंदाच्या खरिपातल्या पिकांच्या ओळी मांडायच्या, आणि ज्यांच्यासमोर जागा रिकामी राहिली तेवढ्याच निवडायच्या. एसक्यूएलमध्ये याला ‘लेफ्ट जॉइन’ म्हणतात.