जुने क्रीडांगण : नूतनीकरण की नवनिर्मिती? (महाराष्ट्र व गोव्यातील उदाहरणांच्या आधारे एक विवेचन)

प्रस्तावना :
क्रीडांगण ही केवळ सिमेंट-काँक्रीटची वास्तू नसून ती समाजाच्या सामूहिक स्मृतीचे व सार्वजनिक गुंतवणुकीचे केंद्र असते. अशी वास्तू जीर्ण झाली की तिची दुरुस्ती करावी की ती सोडून अन्यत्र नवी उभारावी, हा प्रश्न फुटबॉल क्लबांपासून महाविद्यालयांच्या मैदान समितीपर्यंत सर्वांपुढे येतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्र व गोव्यातील काही उदाहरणांच्या आधारे या निर्णयाचे निकष स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. या विषयाची सर्वांत ठळक उदाहरणे आपल्याकडे क्रिकेटमध्ये आढळतात. म्हणून विवेचनाचा आरंभ तेथून केला आहे.

नूतनीकरण : वानखेडे स्टेडियम
मुंबईतील ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली खुले झाले. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया व मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात तिकीटवाटपावरून वाद विकोपाला गेला आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने जवळच दुसरे स्टेडियम उभे राहिले. तेथील पहिला कसोटी सामना जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध झाला. म्हणजेच येथे नवनिर्मितीचे कारण जुन्या वास्तूची जीर्णता हे नसून मालकी हे होते.

हेच वानखेडे स्टेडियम २०११ च्या विश्वचषकासाठी अपुरे ठरले, तेव्हा मात्र जागा न सोडता नूतनीकरणाचा मार्ग स्वीकारण्यात आला. उत्तर व दक्षिण बाजूंची नव्याने उभारणी झाली व वर अधांतरी छत आले. त्याची किंमतही मोजावी लागली. पूर्वीची सुमारे ४५ हजारांची प्रेक्षकक्षमता सुमारे ३३ हजारांवर आली. दरम्यानच्या काळात डिसेंबर २००९ चा श्रीलंकेविरुद्धचा कसोटी सामना ब्रेबॉर्नवर खेळविण्यात आला. पर्यायी मैदान हाकेच्या अंतरावर होते, म्हणूनच हे नूतनीकरण सुकर झाले, ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे.

नवनिर्मिती : नागपूर व पुणे
नागपूरने वेगळा मार्ग निवडला. सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर १९६९ पासून कसोटी सामने होत असत. १९९५ साली न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यावेळी तेथे भिंत कोसळून प्रेक्षक मृत्युमुखी पडले. पुढे वर्धा मार्गावरील जामठा येथे नवे स्टेडियम झाले व नोव्हेंबर २००८ मध्ये तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. प्रशस्त जागा, वाहनतळ व आधुनिक सोयी हे येथील लाभ होत. मात्र शहराच्या मध्यवस्तीतील मैदानावर सायकलवरून जाणाऱ्या प्रेक्षकाला आता वाहनाची सोय करावी लागते. पुण्यातही महापालिकेचे नेहरू स्टेडियम सोडून महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने गहुंजे येथे स्वतःचे स्टेडियम उभारले. ते २०१२ साली खुले झाले.

फुटबॉलचा संदर्भ :
फुटबॉल क्लबांच्या बाबतीत मालकीचा प्रश्न अधिक जटिल आहे. एफसी गोवा हा संघ ज्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर खेळतो, ते शासनाच्या मालकीचे आहे. १९८९ सालच्या या वास्तूचे लुसोफोनिया क्रीडास्पर्धेसाठी नूतनीकरण झाले व २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामनेही तेथे झाले. भाडेकरू क्लबाला असा निर्णय एकट्याने घेता येत नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा यांसारख्या तालमींचे संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर खेळतात. त्यांचा प्रेक्षक पेठांमधील आहे. असे मैदान शहराबाहेर नेल्यास नवी वास्तू मिळेल, परंतु प्रेक्षक दुरावेल.

परदेशातही एकच उत्तर आढळत नाही. लंडनच्या आर्सेनल क्लबने २००६ साली हायबरी सोडून जवळच नवे स्टेडियम बांधले व क्षमता सुमारे ३८ हजारांवरून ६० हजारांवर नेली. याउलट रेआल माद्रिदने १९४७ सालच्या बेर्नाबेऊ स्टेडियमचेच जागेवर नूतनीकरण केले.

निर्णयाचे निकष :
१. संरचनेची स्थिती : भेगा दिसतात म्हणून वास्तू पाडणे व रंगरंगोटी करून ती सुरक्षित मानणे, ही दोन्ही टोके अशास्त्रीय होत. काँक्रीटमधील सळ्या गंजल्या आहेत काय, हे संरचनात्मक तपासणीनेच समजते. आपल्या परभणी परिसरातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे उथळ पायावरील पायऱ्यांना भेगा पडतात. अशा वेळी आधी पाण्याचा निचरा व पाया तपासणे इष्ट ठरते.
२. प्रेक्षकांची सुरक्षितता : १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये टेलर अहवालाने मोठ्या मैदानांवर सर्वांना आसनव्यवस्थेची शिफारस केली. बाहेर पडण्याचे मार्ग रुंद करणे शक्यच नसेल, तर नूतनीकरणाचा आग्रह धरू नये.
३. मालकी व जागा : जमीन कोणाची व कराराची मुदत किती, हे ठरल्याशिवाय खर्च करणे धोक्याचे असते.
४. पोहोच : रेल्वे, बस व पायी येणाऱ्या प्रेक्षकाचा विचार व्हावा.
५. संक्रमणकाळ : बांधकाम चालू असता सामने व सराव कोठे होणार, याचे उत्तर आराखड्यातच असावे.
६. एकूण खर्च : बांधकामाबरोबर पुढील देखभालीचा व पर्यावरणीय खर्चही मोजावा. सिमेंटच्या उत्पादनातून मोठ्या प्रमाणात कार्बन उत्सर्जन होते. म्हणून उपयुक्त सांगाडा टिकविणे ही बचतच आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की सांगाडा सुदृढ, जागा मध्यवर्ती व पर्यायी मैदान उपलब्ध असेल तर नूतनीकरण श्रेयस्कर ठरते. सुरक्षितता जागच्या जागी साधणे अशक्य असेल तरच नवनिर्मितीचा विचार व्हावा. आणि तेव्हाही नवी जागा प्रेक्षकाच्या आवाक्यात असावी. जिल्हा व तालुका क्रीडा संकुले तसेच महाविद्यालयीन मैदाने यांबाबत हा विचार विशेष महत्त्वाचा आहे. गावाबाहेरील भव्य संकुलापेक्षा सायंकाळी विद्यार्थिनींना पायी पोहोचता येईल असे साधे, दुरुस्त मैदान अधिक खेळाडू घडवू शकते. मैदानाचे मूल्य त्यावर किती जण खेळतात यावरून ठरावे, उद्घाटनाच्या कोनशिलेवरून नव्हे.