वीज तोडण्याआधीचे पंधरा दिवस

बिलाची शेवटची तारीख उलटली की वायरमनने कधीही यावं आणि वीज तोडून जावं, हा त्याचा हक्कच आहे, असं असंख्य घरांत धरून चाललेलं असतं. वीज कायदा 2003 तसं म्हणत नाही. कलम 56 नुसार पुरवठा तोडण्याआधी ग्राहकाला किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलावर छापलेली मुदत ही ती नोटीस नव्हे. हे माहीत नसल्याचा फायदा भामट्यांनीही उचलला. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज बंद होईल, लगेच या नंबरवर फोन करा’ असे मेसेज आले आणि घाबरलेल्या लोकांची बँक खाती रिकामी झाली. पंधरा दिवसांची अट ठाऊक असलेल्या माणसाला असा मेसेज वाचताक्षणीच खोटा वाटेल.

दुसरा गैरसमज अधिक नुकसान करतो: बिल चुकीचं वाटलं तरी आधी सगळं भरा, मग तक्रार करा. त्याच कलम 56 मध्ये वेगळी वाट दिलेली आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. रोजंदारीवरच्या घराला अवाच्या सवा आलेलं बिल आणि नेहमीचं बिल यांतला फरक म्हणजे महिन्याचं रेशन असू शकतं, म्हणून ही तरतूद मोलाची आहे. थकबाकी नेहमी बुडवेगिरीतून येते असंही नाही. 2020 च्या टाळेबंदीत मीटर रीडिंग थांबलं, सरासरीने बिलं गेली आणि जूनमध्ये अनेक महिन्यांचा हिशेब एकाच बिलात आला, तोही कामधंदे बंद असताना. भाडेकरूंबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या महाराष्ट्रातल्याच खटल्यात स्पष्ट केलं की वीज ही मूलभूत सोय आहे आणि घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्यावरून ती नाकारता येत नाही.

यावर आक्षेप येतो तो असा, की एवढं संरक्षण दिलं तर बिल भरणार कोण, आणि न भरणाऱ्यांचा बोजा नियमित भरणाऱ्यांनी का सोसायचा? प्रश्न रास्त आहे. पण कलम 56 बिल माफ करत नाही, फक्त वेळ आणि दाद मागायची संधी देतं. महावितरणच्या थकबाकीतला सर्वांत मोठा वाटा कृषिपंपांचा आहे, झोपडीतल्या दोन दिव्यांचा नाही. शिवाय वीज तोडल्याने पैसे वसूल होतातच असं नाही. मूळ थकबाकीवर पुनर्जोडणीचं शुल्क चढतं आणि कुटुंब शेजाऱ्याकडून चढ्या दराने वायर ओढून घेतं. कुणी आकडाही टाकतं, आणि मग कलम 135 खाली चोरीचा गुन्हा होऊन तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवडणारे हप्ते बांधून दिले तर पैसे येण्याची शक्यता उरते, आणि ग्राहकही टिकतो. पुरवठा तोडणं हा वसुलीचा शेवटचाच मार्ग असला पाहिजे.

बिल पटत नसेल तर नोटिशीची मुदत संपण्याआधीच कार्यालयात लेखी अर्ज द्या, सरासरीची रक्कम हरकत नोंदवून भरा आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यानंतर विद्युत लोकपाल.