पाण्याचा हिशेब आणि सरकारी खर्च

शेतकरी बंधूंस पाण्याविषयी चार शब्द सांगावे असे बरेच दिवस मनात होते. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. पैसेवारीचे तक्ते व टँकरचे प्रस्ताव लिहिण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. त्या कामात एक गोष्ट वारंवार नजरेस येई. ज्या गावी बंधारे, तलाव व चर यांची कामे पुरी झाल्याची नोंद एका दप्तरात असे, त्याच गावाचे नाव पुढल्या उन्हाळ्यात टँकरच्या यादीत असे. पैसा खर्ची पडला हे खरे, काम बहुधा झालेलेही असे. मग पाणी गेले कोठे?

प्रथम जमिनीचा विचार करू. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात वरचा मुरमाड थर व भेगा एवढ्यातच पाणी राहते. खालचा अखंड पाषाण पाणी धरीत नाही. कोकण सोडून देशावरच्या कोरड्या मुलखात पडणाऱ्या पावसापैकी ढोबळ मानाने दशांश पाणीच भूगर्भात मुरते असे धरावे. बाकीचे वाहून जाते, किंवा ऊन व पिके घेऊन जातात.

आता हिशेब करू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी झाले. गावचे शिवार ५०० हेक्टर व पाऊस ५०० मिलिमीटर धरल्यास एकूण २५ लाख घनमीटर पाणी पडले. त्याचा दशांश अडीच लाख घनमीटर. उसास मोकाट पाणी देण्याच्या आपल्याकडील रीतीने, पावसाचे वजा करूनही, हेक्टरी २०,००० घनमीटरपर्यंत पाणी विहिरीतून द्यावे लागते. म्हणजे साऱ्या गावच्या मुरलेल्या पाण्यावर साडेबारा हेक्टर, अर्थात सुमारे ३१ एकर ऊस निघेल. आणि त्या वर्षी माणसांस, जनावरांस व इतर पिकांस एक थेंबही उरणार नाही. वाचकांनी आपापल्या गावचे आकडे घालून हे गणित करून पाहावे. आम्ही आमच्या गावचे केले, तेव्हा दोन रात्री झोप लागली नाही.

सरकारने हात आखडता घेतला असे कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी स्त्री-पुरुषांनी पाझर तलाव व नालाबांध बांधले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ साली कायद्याचे रूप आले, व तिच्या खर्चासाठी शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. शहराने खेड्याचा भार उचलल्याचे असे उदाहरण विरळा. पुढे डिसेंबर १९१४ नव्हे, २०१४ मध्ये (जुन्या कारकुनाची लेखणी शतक चुकते!) जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. त्यावर ९,६३३ कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. महालेखापरीक्षकांनी १२० गावे तपासून २०२० साली जो अहवाल दिला, त्यात भूजलाची पातळी वाढविण्यात या अभियानाचा फारसा परिणाम झाला नाही असा निष्कर्ष आहे.

याचे एक कारण आम्हांस कामाच्या क्रमात दिसते. पाणी माथ्यावर अडवून पायथ्याशी यावे, आधी डोंगरउतारावरील चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी नाला, हा शास्त्रशुद्ध मार्ग होय. परंतु चर खणण्यास शेकडो हात व चिकाटी लागते. नाला यंत्राने आठवड्यात खोल होतो, त्याचे मोजमाप सोपे, देयक लवकर निघते. मुरूम संपून पाषाण लागेपर्यंत नाला खणला, म्हणजे शेजारच्या विहिरीचे पाणी उलट नाल्यात येऊन उडून जाते. मोजमाप-पुस्तकात मात्र काम उत्तम!

दुसरे कारण याहून मोठे आहे, आणि ते लिहिताना आम्हांस संकोच होतो, कारण आम्हीही त्याचे लाभार्थी आहोत. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस वीज मोफत झाली. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांसाठी वर्षास १४,७६० कोटी रुपयांचा भार राज्याने घेतला. घोषणा त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीपूर्वी झाली, हेही वाचकांस ठाऊक आहे. शेतकऱ्यास साहाय्य मिळूच नये असे म्हणणारांपैकी आम्ही नव्हे. पण जो जितके अधिक उपसतो त्यास तितके अधिक साहाय्य, अशी या योजनेची घडण आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरी काहीच नाही. तीच रक्कम एकराप्रमाणे, पंप असो वा नसो, खात्यात दिली असती तर पंप बंद करणारासही काही उरले असते. एका खात्याने पाणी मुरवावे व दुसऱ्याने ते फुकट उपसू द्यावे, असा हा कारभार आहे.

कायदा नाही असे नव्हे. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आहे, व ६० मीटरहून खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. आमच्या शिवारात याहून दुप्पट खोल बोअर कित्येक आहेत, आणि यंत्र दिवसाढवळ्या येते. हिवरे बाजारने कोणाची वाट पाहिली नाही; सिंचनासाठी बोअर नको, ऊस नको, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, हे ग्रामसभेने ठरविले व पाळले.

आमच्या गावच्या पाझर तलावावर १९७२ साली आमच्या मातोश्रींनी माती वाहिली. आम्ही बांधालगतच्या बाभळीखाली झोळीत असू. आज तो निम्मा गाळाने भरला आहे, आणि बांधाच्या खालच्या अंगास अकरा बोअर आहेत. गाळ काढण्याचा ठराव ग्रामसभेत एकमताने झाला. बोअरांविषयीचा ठराव आम्ही मांडला, त्यास अनुमोदक मिळाला नाही. १ मेच्या सभेत तो पुन्हा मांडणार आहोत. या वेळी वरील हिशेब फळ्यावर लिहून दाखवू, आणि पहिले नाव आमच्याच बोअरचे घालू.